ताजचे खांब आणि चांद्याचे लोखंड

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी प्रवाशांना खुले झाले. त्या वास्तूवर आजवर उदंड लिहिले गेले आहे. तिचे घुमट, तिचे जिने, तेथे उतरलेले राजेमहाराजे, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री घुमटाभोवती उसळलेल्या ज्वाळा आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडलेली जुनी वास्तू, हे सारे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. परंतु त्या वास्तूच्या पोटात उभ्या असलेल्या दहा लोखंडी खांबांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नृत्यदालनाचा भार वाहणारे हे खांब जमशेटजी टाटांनी पॅरिसहून मागवले होते. पंखे अमेरिकेचे, उद्वाहक जर्मनीचे आणि खांब फ्रान्सचे. एका देशभक्त भारतीयाने, भारतीयांना सन्मानाने उतरता यावे म्हणून बांधलेल्या हॉटेलातील लोखंड परदेशी होते, कारण त्या काळी या देशात तसे लोखंड मिळतच नव्हते.

आणि ज्या वर्षी ताज उघडले, त्याच १९०३ साली याच जमशेटजींची माणसे बैलगाड्यांतून जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात लोखंड शोधत फिरत होती. आमचे वडसा त्याच चांदा जिल्ह्यातले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यापूर्वी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाई. म्हणजे मुंबईच्या त्या दिमाखदार वास्तूचा आणि आमच्या धानाच्या बांध्यांचा, सागाच्या रानांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

हा शोध १९०३ साली सुरू झाला असेही नाही. रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरील अहवाल १८८२ च्या सुमारास जमशेटजींच्या वाचनात आला. ब्रह्मपुरीकडच्या भागातील लोहारा या गावाजवळ उत्तम प्रतीचे खनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार लांब नाही, असा त्याचा आशय होता. गावाच्या नावातच लोखंड आहे! आमच्या पूर्वजांनी ते नाव उगीच ठेवलेले नाही. या टापूत गावोगावी छोट्या भट्ट्यांतून लोखंड गाळणारे कारागीर होते. स्वस्त विलायती लोखंड बाजारात उतरले आणि त्या भट्ट्या विझल्या. नागपुरात एम्प्रेस मिल यशस्वी करून दाखवलेल्या जमशेटजींना या अहवालाने झपाटले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. परंतु कोळसा उपयोगाचा ठरला नाही, आणि खाणींविषयीचे सरकारी नियमही असे होते की शहाण्या माणसाने भांडवल घालू नये. योजना बासनात गेली, पण जमशेटजींच्या मनातून ती गेली नाही.

मध्ये अकरा वर्षे लोटली आणि १८९३ साली जमशेटजी जपानला गेले. मुंबई आणि जपान यांच्या दरम्यान युरोपीय कंपन्यांनी जहाजभाड्याची जी मक्तेदारी चालवली होती, ती मोडण्यासाठी त्यांना जपानी जहाज कंपनीशी करार करायचा होता. त्या वाटाघाटींत जपानच्या बाजूने पुढाकार घेणाऱ्यांमध्ये शिबुसावा एइची हे गृहस्थ होते. बँका, गिरण्या, कारखाने असा त्यांचा व्याप. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख वाटा होता. हे हॉटेल १८९० च्या नोव्हेंबरात, सम्राटांच्या प्रासादाजवळ उघडले. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांची ती कल्पना. पाश्चात्त्यांनी जपानला मागासलेले राष्ट्र समजून असमान करार लादले होते. ते बदलून घ्यायचे, तर परक्या पाहुण्याला उतरवण्याजोगी जागा आपल्या राजधानीत हवी, असा त्यामागचा हिशेब होता. हॉटेल हा त्यांच्या लेखी राष्ट्रीय प्रतिष्ठेचा प्रश्न होता. पाच वर्षांनी, १८९८ च्या नोव्हेंबरात, जमशेटजींनी अपोलो बंदरावरच्या जागेचा भाडेपट्टा केला, तेव्हा त्यांच्या मनात टोकियोचे हॉटेल होते की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मात्र दोन्ही वास्तूंमागची भावना एकाच जातीची आहे, एवढे नक्की म्हणता येते.

त्याच १८९३ च्या जुलैत योकोहामाहून निघालेल्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या जहाजावर जमशेटजींचे एक सहप्रवासी होते स्वामी विवेकानंद. स्वामीजी शिकागोच्या धर्मपरिषदेला निघाले होते. जपान पाहून ते भारावले होते आणि आपल्या तरुणांनी हा देश पाहावा असे त्यांनी योकोहामाहून लिहिलेल्या पत्रात कळकळीने सुचवले होते. जहाजावर दोघांचे काय बोलणे झाले याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांतल्या खऱ्या किती हे सोडून देऊ. निश्चित पुरावा आहे तो जमशेटजींनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी स्वामीजींना लिहिलेल्या पत्राचा. जपानपासूनच्या त्या प्रवासाची आठवण देऊन त्यांनी आपल्या नियोजित विज्ञानसंस्थेच्या कार्यात साहाय्य मागितले होते. ज्या महिन्यात हॉटेलच्या जागेचा पट्टा झाला, त्याच महिन्यात हे पत्र गेले. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि हॉटेल ही तीन वेगवेगळी स्वप्ने नव्हती. माल, ज्ञान आणि मान या तिन्ही बाबतींत परावलंबन संपवण्याचा तो एकच संकल्प होता. आपल्याकडे त्यांतले हॉटेल लक्षात राहते, कारण ते दिसते.

आता चांद्याकडे वळू. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत खाणींचे नियम काहीसे सैल झाले आणि जमशेटजींनी जुना विषय पुन्हा हाती घेतला. १९०२ साली ते अमेरिकेला गेले. तेथील चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवले. वेल्ड, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला ही मंडळी चांद्याच्या रानात उतरली. (हेच शापूरजी पुढे इंग्लंडमध्ये कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटवर निवडून आले! भांडवलदाराच्या घरात आणि आमच्या जंगलात काय काय उगवते पाहा.) उन्हाळा, पाण्याची टंचाई, वाघांची भीती, बैलगाडीतला संसार. एवढे सोसून वेल्डने निष्कर्ष काढला तो असा : लोहाऱ्याचे खनिज उत्तम आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नाही आणि जवळचा कोळसा कोकसाठी योग्य नाही.

दोराबजी हा निर्णय सरकारला कळवण्यासाठी नागपुरास गेले. अधिकारी भेटेपर्यंत वेळ काढावा म्हणून ते तेथील संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तेथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता. त्यात दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाची खूण गडद रंगाने दाखवलेली त्यांना दिसली. चांद्याचा शोध तेथे संपला आणि दल्ली-राजहऱ्याचा सुरू झाला. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजातील खनिजाविषयी पत्र आले, साकची येथे कारखाना उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पहिले पोलाद ओतले गेले. त्या साकचीचे आज जमशेदपूर झाले आहे. ज्याचे हे स्वप्न होते तो मनुष्य १९ मे १९०४ रोजीच जर्मनीत निवर्तला होता.

वेल्डचा निष्कर्ष शास्त्रीय होता, त्यात चांद्याविषयी आकस नव्हता. पण त्याच वर्षांत जपानमध्ये काय चालले होते ते पाहिले म्हणजे आमचे दुर्दैव नेमके कोठे आहे ते कळते. जपानपाशी पोलादाच्या मोठ्या कारखान्याला पुरेल असे लोहखनिज जवळजवळ नव्हतेच. तरीही यावाता येथील सरकारी पोलाद कारखान्याची भट्टी १९०१ साली पेटली, ती मुख्यतः चीनहून आणलेल्या खनिजावर. आराखडा जर्मनांचा, तंत्रज्ञ जर्मन. भट्टी नीट चालेना, बंद करावी लागली. जर्मन मंडळी परत गेली. तेव्हा नोरो कागेयोशी या जपानी धातुशास्त्रज्ञाने भट्टीची रचना दुरुस्त केली आणि १९०४ साली ती पुन्हा पेटवून चालवून दाखवली. खनिज परक्याचे, आराखडा परक्याचा, परंतु चूक शोधणारे डोके आपले! ज्या देशात खनिज नव्हते तेथे पोलाद झाले आणि ज्या चांद्यात खनिज होते तेथे झाले नाही. कोळशाचे कारण खरे आहेच. त्याहून मोठे कारण हे की आमच्याकडे तेव्हा एकही नोरो नव्हता, आणि तो घडवण्याची सोयही परक्या राज्यकर्त्यांनी ठेवली नव्हती. ही उणीव जमशेटजींना कळली होती, म्हणून कारखान्याबरोबर त्यांनी विज्ञानसंस्थेचा ध्यास घेतला.

हॉटेलांच्या इतिहासातही हाच फरक दिसतो. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविदाने आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच वैद्य वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पूर्ण केले. कंत्राटदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. आतला तो प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांच्या कल्पकतेचे फळ. पण 'इंग्रज वास्तुविदाने हॉटेल उलटे बांधलेले पाहून आत्महत्या केली' ही भाकडकथा जितक्या जणांना ठाऊक आहे, त्याच्या शतांशालाही वैद्यांचे नाव ठाऊक नाही. हॉटेल उलटे बांधलेले नव्हतेच. पूर्वी गाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून दरवाजा तिकडे होता. एका मराठी माणसाने आखलेली देशातली सर्वांत नामांकित वास्तू आमच्या मुलांना परक्या माणसाच्या दंतकथेतून ओळखीची व्हावी, याला काय म्हणावे?

टोकियोत हे नेमके उलट घडले. इम्पीरियल हॉटेलची दुसरी इमारत फ्रँक लॉईड राईट या अमेरिकन वास्तुविदाने आखली. तो १९२२ साली, काम अपुरे असतानाच, जपान सोडून गेला आणि त्याचा जपानी सहकारी एंडो आराता याने ते पुरे केले. १ सप्टेंबर १९२३ या उद्घाटनाच्या दिवशीच टोकियोला महाभयंकर भूकंपाचा धक्का बसला आणि ती इमारत उभी राहिली. १९६८ साली ती पाडण्यात आली. १९७० मध्ये तिच्या जागी सतरा मजली इमारत आणि १९८३ साली शेजारी एकतीस मजली मनोरा उभा राहिला, भूकंपाच्या देशात, जपानच्याच पोलादाचा नि जपानच्याच अभियंत्यांचा. आता त्या मनोऱ्याचेही आयुष्य संपले. २०२४ साली तो बंद करण्यात आला आणि सबंध परिसराची नव्याने उभारणी हाती घेण्यात आली आहे. आपण बांधलेले आपणच पाडून पुन्हा बांधण्याची त्यांना धास्ती वाटत नाही. ज्याला बांधता येते तोच निर्धास्तपणे पाडू शकतो. आमच्याकडे ताजशेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून १९७० च्या दशकाच्या आरंभी जो उंच मनोरा उभा झाला, त्याचा वास्तुविद अमेरिकन होता. सत्तर वर्षांपूर्वी वैद्यांनी जेथे आराखडा मांडला, तेथे स्वातंत्र्यानंतर आम्ही पुन्हा बाहेरचा माणूस बोलावला! तो मनोरा वाईट आहे असे नव्हे. पण मान खाली घालायला लावणारी ही गोष्ट आहे खरी.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. पोलाद कसे ओततात हे त्याला पुस्तकावरूनच ठाऊक. तथापि वडशात राहणाऱ्या माणसाला आज या विषयाकडे डोळेझाक करता येणार नाही. कारण सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न, अधिक मोठ्या आकाराने, आमच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात लोखंड आहे, आणि ते लोहाऱ्याप्रमाणे अपुरे नाही. २००७ साली तेथे लॉईड्स मेटल्स या कंपनीला ३४८ हेक्टरचा पट्टा मिळाला. उत्खनन २०१६ साली सुरू झाले, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी डझनांनी वाहने जाळली, काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा जोमाने चालू आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे कारखाना उभा राहत आहे आणि २०२५ साली हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाची पूड पाण्यातून वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या ज्येष्ठ नक्षल नेत्याने आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीच्या धाकाने या जिल्ह्यातील दोन पिढ्यांची शाळा बुडवणाऱ्या चळवळीची ती अखेर ठरो. जिल्ह्यात इतकी वर्षे रेल्वे म्हणजे वडसा स्थानक एवढेच होते. आता वडसा–गडचिरोली मार्गाचेही काम चालू आहे.

या घडामोडींचे स्वागतच केले पाहिजे. पण दोन गोष्टी स्पष्टपणे बोलायला हव्यात. पहिली अशी की सुरजागडचा डोंगर म्हणजे केवळ खनिजाचा ढीग नव्हे. तेथे ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत माडिया वनवासी बांधव तेथे यात्रेला जमतात. १८५७ च्या समरात इंग्रजांशी लढून १८५८ साली चांद्यात फासावर गेलेले बाबूराव शेडमाके याच मातीचे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली चंद्रपूरचा साग वाजतगाजत पाठवणाऱ्या आम्ही मंडळींनी, आमच्याच वनवासी बांधवाच्या देवस्थानाचा विचार 'अडथळा' म्हणून करू नये. देवस्थान, त्याचा रस्ता, त्याच्या भोवतालचे रान ही अबाधित ठेवूनच काय ते खणावे. हे ग्रामसभेशी बोलून, तिच्या भाषेत बोलून, ठरले पाहिजे. नक्षलवाद्यांना तेथे शिरायला वाव मिळाला तो याच संवादाच्या अभावामुळे.

दुसरी गोष्ट नोरोची. खाणीवर आणि कारखान्यात आज स्थानिक तरुणांना काम मिळते, हे खरे आणि चांगलेही आहे. प्रश्न कामाच्या प्रतीचा आहे. आमचा मुलगा ट्रक चालवणार, फाटकावर उभा राहणार, की भट्टीचे तापमान पाहून निर्णय देणार? दहा-पंधरा वर्षांनी भट्टी बिघडली तर ती दुरुस्त करणारा भामरागडचा असेल की डसेलडॉर्फचा? नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने टाटा टेक्नॉलॉजीजशी करार करून तंत्रकौशल्याचे केंद्र हाती घेतले आहे. टाटांचे नाव अशा रीतीने चांद्याच्या रानात परत आले, हा योग लक्षात घेण्यासारखा. पण केंद्र उघडले म्हणून काम संपत नाही. तेथवर पोहोचणारा मुलगा आधी दहावीत गणितात टिकला पाहिजे. आमच्या भागातील गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे हे, कारखान्याला जमीन देण्याइतकेच, पोलादाचे काम आहे.

खाणीच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी येतो. त्यातून सभामंडप आणि प्रवेशद्वारे बांधण्याची हौस आपल्याकडे फार. त्यापेक्षा दरवर्षी एटापल्ली, भामरागड, अहेरी, कोरची, कुरखेडा, वडसा या तालुक्यांतील मोजक्या मुलामुलींचा धातुशास्त्र, यंत्रशास्त्र, स्थापत्य यांच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च उचलावा आणि शिक्षण संपल्यावर त्यांना याच जिल्ह्यात जबाबदारीची जागा देण्याची अट परवानग्या देतानाच लिहून घ्यावी. वनवासी क्षेत्रात वसतिगृहे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आठवीपासूनच अशी मुले हेरावीत. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी विज्ञानाच्या परिभाषेची छोटी पुस्तिका करणे हे तर आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसालाही जमण्याजोगे आहे. वडशातल्या दोन-तीन निवृत्त शिक्षकांशी याविषयी बोलणे झाले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी लोखंड, कोळसा, भट्टी, ताप आणि वजन एवढ्याच विषयांपुरती पहिली शब्दसूची तयार करावी, असे ठरते आहे.